कांथा घ्यायचाय: टसर साडी की जुन्या साड्यांची गोधडी?

कांथा म्हणजे बंगालचं धावदोऱ्याचं भरतकाम. ते टसर या रेशमाच्या साडीवर मिळतं, तसंच जुन्या साड्यांच्या गोधडीवरही. टाका दोन्हीकडे एकच, आपल्या गोधडीचा धावदोरा. पण कापड वेगळं, त्यामुळे कामही वेगळं होतं.

टसर साडी एकपदरी, म्हणजे कापडाचा एकच थर. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या बोलपूर, नानूर भागातल्या बायका ती घरी भरतात. टोचलेल्या ट्रेसिंग पेपरवरून, रॉकेलमध्ये कालवलेली पूड पुसून नक्षी उतरवलेली असते. कापड अनेकदा दलालच आणून देतो आणि मजुरी नगावर ठरते. कांथा कारागीर प्रीतिकणा गोस्वामींना २०२३ मध्ये आणि तकदिरा बेगम यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी साडीच्या किमतीतलं शिवणारीच्या हाती किती पडतं हे दुकानदाराला विचारावंच. अंगभर भरायला काही महिने जातात. तशी साडी स्वस्तात मिळत असेल तर उलटी करून बघा. हाताच्या धावदोऱ्यात पुढे टाका असतो तिथे मागे मोकळी जागा दिसते, रंग दोन्हीकडे तोच. मागे सलग शिवण किंवा निराळ्याच रंगाचा दोरा असेल तर काम मशीनचं. दोरा जास्त ओढला गेला असेल तर टसरला चुण्या पडतात, इस्त्रीने त्या जात नाहीत. मागचे लांब मोकळे धागे बांगडीत अडकतात.

गोधडीत जुन्या सुती साड्यांचे थर असतात: हलकीला दोन-तीन, थंडीच्या ‘लेप’ कांथ्याला त्याहून जास्त. थर जमिनीवर ताणून आधी लांब टाके घालतात, मग नक्षी, शेवटी मोकळी जागा बारीक टाक्यांनी भरतात. पूर्वी रंगीत दोरा साडीच्या काठातूनच उसवून काढत. भरण दाट झालं की कापड आक्रसतं आणि त्यावर लाटा उठतात. कांथ्याचं खरं सौंदर्य त्या लाटांत आहे, आणि एकपदरी साडीत त्या उठतच नाहीत. धोका जुन्या सुताचा. विरलेलं कापड टाक्याच्या ओळीवरच चिरतं, म्हणून घड्यांच्या जागा उजेडासमोर धरा. ठिगळ असेल तर बिघडत नाही, पण त्यावरून टाके सलग गेलेले हवेत. पलंगासाठी घेताना मापही स्वतः घ्या, आक्रसल्यामुळे ते सांगितल्यापेक्षा कमी भरतं.

कांथा म्हणूनच हवा असेल तर आमचं मत गोधडीला. साडी समारंभात मिरवायला उत्तम, पण ती ड्रायक्लीनलाच द्यावी लागते. घेण्याआधी ओला पांढरा रुमाल लाल आणि काळ्या दोऱ्यावर दाबून बघा. रंग उतरला तर ती साडी घेऊ नका. गोधडीचा रंग थोडा उतरला तर पहिले एक-दोन वेळा गार पाण्यात वेगळी धुवा आणि न पिळता आडवी वाळवा.