लॅमिंग्टन रोडवर जुन्या रेडिओचे पार्ट: काय मिळतं, काय नाही

मर्फीचा व्हॉल्व सेट, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्ववर) चालणारा रेडिओ, साठच्या दशकातला, ठाण्यात कारखाना होता ना त्यांचा, तेव्हाचा. काटा फिरवला की खरखर आणि आवाज वाढवला की कोकलायला लागायचा. पार्टसाठी मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला, तर हा अनुभव.

कंडेन्सर, रेझिस्टर यासाठी ह्या रस्त्याला तोड नाही. मेणाचे जुने पेपर कंडेन्सर सरसकट बदला, त्यातही ईएल८४च्या (स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व) ग्रिडला, म्हणजे सिग्नल आत येतो त्या टोकाला, येणारा कपलिंगचा आधी, कारण तो लीक झाला की व्हॉल्व लाल होतो आणि मागोमाग आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, तो कुठून आणणार? ६३० व्होल्टचे पॉलिस्टर मागा, पॉवर सप्लायच्या फिल्टरला ४५० व्होल्टचे. काहीजण २५० व्होल्टचा सरकवतात, "चालतंय हो साहेब" म्हणत. नाही चालत.

खरा घोळ गँगचा, म्हणजे काटा फिरवून स्टेशन लावतो त्या प्लेटींच्या कंडेन्सरचा. मेटलचा टू-गँग नवीन मला कुठेच मिळाला नाही, मागितला की ट्रान्झिस्टर सेटचा पीव्हीसी गँग समोर ठेवतात, त्याची कपॅसिटी वेगळी, डायलवरचे आकडे जुळणार नाहीत आणि डायलची दोरी ज्यावर गुंडाळतात तो ड्रमही बसत नाही. पण बऱ्याचदा गँग बदलायची गरजच नसते! खरखर म्हणजे प्लेटींत धूळ, एखादी प्लेट वाकून टेकतेय, नाहीतर शाफ्टला अर्थिंग देणारी पट्टी काळी पडलीय. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश, बास. कोकलण्याचं कारण भन्नाट निघालं: गँग ज्या रबरी बुशांवर बसतो ते दगडासारखे कडक झालेले, त्यामुळे स्पीकरची थरथर थेट प्लेटींपर्यंत. वायरच्या भोकात घालतात तसले ग्रोमेट किरकोळ पैशात मिळाले, बसवले, कोकलणं बंद.

डायलची दोरी एका म्हाताऱ्या काकांकडे रिळावर होती, बाकीचे मासेमारीची नायलॉन दोरी घ्या म्हणतात, ती गुळगुळीत, ड्रमवर घसरते. जुनी काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, किती वेढे, कुठल्या पुलीवरून, सगळं.

व्हॉल्व बीईएलच्या (भारत इलेक्ट्रॉनिक्स) जुन्या डब्यात दिसतात, पण डबा नवाकोरा आणि आत वापरलेला माल असंही चालतं, त्यामुळे जो टेस्टरवर लावून दाखवेल त्याच्याकडूनच घ्या.

आयएफटी (रेडिओतला सिग्नलचा छोटा ट्रान्सफॉर्मर) किंवा गँग खरंच गेला असेल तर चोर बाजार गाठा, मेलेला सेट घेऊन पार्ट काढणं परवडतं. मात्र सजावटीला रेडिओ घेणाऱ्यांनी भाव चढवून ठेवलेत, कॅबिनेट चकाचक असेल तर मागू नका, फुटकाच बघा. शुक्रवारी तो बाजार बंद, रविवारी लॅमिंग्टनची बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे दोन्ही एका फेरीत उरकायचं तर शनिवार बरा.