शुगर-फ्री गोळ्या, थेंब आणि पावडर: अनेक महिने वापरून झालेलं मत

रक्तातली साखर सीमारेषेवर आली आणि डॉक्टरांनी वरून घालायची साखर बंद करायला सांगितली. गोड चहा सुटत नव्हता, म्हणून कृत्रिम गोडी घ्यायला लागले. तेव्हापासून अ‍ॅस्पार्टेमच्या गोळ्या, सुक्रलोजचे थेंब, स्टीव्हियाची (एका झाडाच्या पानांतून काढलेली) पावडर, एरिथ्रिटॉल (साखरेसारखं दिसणारं एक गोड द्रव्य) आणि साखर नसलेली थंड पेयं असं सगळं आलटून पालटून वापरलं. कुठल्या एका डबीची शिफारस करायला हे लिहीत नाही. रोज घेतल्यावर काय होतं आणि धोका नेमका कुठे आहे, हे सांगायचं आहे. मत आधीच देते: साखर सोडायला मदत म्हणून ही वस्तू चांगली आहे, पण आयुष्यभर रोज घ्यायची वस्तू म्हणून मला ती पटलेली नाही.

चवीचं थोडक्यात. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड आणि चवीला साखरेच्या सगळ्यात जवळचं. पण चहा उकळताना गोळी टाकली तर उष्णतेने ते तुटतं आणि गोडी कमी होते, त्यामुळे कपात ओतल्यावरच टाकायची. सुक्रलोज सुमारे ६०० पट गोड, त्याची गोडी जिभेवर बराच वेळ रेंगाळते. स्टीव्हिया मागून कडवट लागतं. थंड पेयांत बहुधा अ‍ॅस्पार्टेम आणि असेसल्फेम-के (आणखी एक कृत्रिम गोडी) एकत्र असतात, कारण दोघांच्या मिश्रणात एकमेकांचा कडूपणा झाकला जातो. चवीची सवय होते, आणि पुढे जाऊन हीच सवय मला जास्त खटकली.

पुडीतल्या पावडरीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. सुक्रलोज इतकं गोड असतं की एका पुडीला ते काही मिलिग्रॅमच लागतं. बाकीची पुडी भरायला डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घालतात, आणि ही दोन्ही रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारी कर्बोदकं आहेत. एका पुडीत ती जेमतेम ग्रॅमभर असल्यामुळे पाकिटावर कॅलरी शून्य छापता येतात. दिवसाला एखादी पुडी घेणाऱ्याला फरक पडणार नाही. पण जो प्रत्येक कपात दोन पुड्या टाकतो आणि आपण शून्य घेतोय असं समजतो, त्याने घटकांची यादी एकदा वाचावी. स्टीव्हियाच्या पावडरीचंही असंच आहे, डबीवर पानाचं चित्र आणि आत बहुतेक एरिथ्रिटॉल. याच कारणासाठी मी पुड्या पूर्ण बंद केल्या. गोळी किंवा थेंब यांत भरताड कमी असतं.

पोटाचा त्रास मला झाला तो साखर नसलेल्या चॉकलेटमुळे. त्यात माल्टिटॉल होतं. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, झायलिटॉल ही गोड द्रव्यं साखर-अल्कोहोल म्हणून ओळखली जातात, दारूशी त्यांचा संबंध नाही. लहान आतड्यात ती पूर्ण शोषली जात नाहीत. उरलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात, म्हणून पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. युरोपीय संघात अशा पदार्थात ही द्रव्यं १० टक्क्यांहून जास्त असतील तर जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात अशी सूचना छापावीच लागते. शिवाय माल्टिटॉलमध्ये ग्रॅममागे साधारण २.१ कॅलरी असतात, साखरेच्या निम्म्याहून थोड्या जास्त. म्हणजे ‘साखर नाही’ हे खरं, पण ‘मधुमेहाला चालतं’ असं त्यावरून ठरत नाही. ते चॉकलेट खाल्ल्यावर माझ्या ग्लुकोमीटरचा आकडा वर गेला होता.

आता कॅन्सरबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. ही भीती नवी नाही. सॅकरिन ही जुनी कृत्रिम गोडी १८७९ मध्ये सापडली, आणि १९७० च्या दशकात उंदरांना भरपूर सॅकरिन दिल्यावर त्यांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. १९७७ मध्ये कॅनडाने ते खाद्यपदार्थांतून काढलं आणि अमेरिकेने त्यावर धोक्याची सूचना सक्तीची केली. पुढे कळलं की उंदरांच्या लघवीची घडणच अशी आहे की तीत सॅकरिनमुळे बारीक खडे बनतात आणि ते मूत्राशयाला टोचत राहतात. माणसात तसं होत नाही. २००० मध्ये अमेरिकेने ती सूचना काढून टाकली.

अ‍ॅस्पार्टेमचं प्रकरण ताजं आहे. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘२ ब’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ, माणसात कर्करोग होऊ शकतो असा मर्यादित पुरावा आहे. पुरावा मुख्यतः यकृताच्या एका कर्करोगाबद्दलचा होता. त्याच दिवशी त्याच संघटनेशी जोडलेल्या अन्नद्रव्यांच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की रोजची मर्यादा बदलायला कारण दिसत नाही, ती शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅमच राहील. ही मर्यादा १९८१ पासूनची आहे. लोकांना दोन्ही बातम्या एकमेकांविरुद्ध वाटल्या. तशा त्या नाहीत. पहिली संस्था विचारते, या पदार्थाने कर्करोग होऊ शकतो का, आणि पुरावा किती भक्कम आहे. दुसरी विचारते, रोज किती घेतलं तर चालेल. मी दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब स्वतःसाठी मांडला. माझ्या गोळीत १८ मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम आहे. ६० किलोच्या माणसाची मर्यादा २,४०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभराहून जास्त गोळ्या. चहापुरत्या गोळ्या घेणाऱ्याने कर्करोगाच्या बातमीने झोप उडवून घेऊ नये, असं मी मनापासून सांगते.

पण हाच हिशेब लहान मुलासाठी केला आणि मी सावध झाले. थंड पेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असू शकतं. १५ किलोच्या मुलाची मर्यादा ६०० मिलिग्रॅम. म्हणजे दोन-तीन कॅनमध्ये ती गाठली जाते, आणि त्यात चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, गोड दही, खोकल्याचं औषध धरलेलंच नाही. मोठ्या माणसाला जी मर्यादा गाठणं अशक्यप्राय वाटतं, ती मुलाला एका वाढदिवसाच्या दुपारी गाठता येते. आमच्या घरात मुलांसाठी ही पेयं आम्ही ठेवत नाही. साखरेची पेयंही ठेवत नाही. पाणी आणि साधं दूध.

खरी अडचण अशी की ही गोडी कुठून कुठून पोटात जाते ते लक्षातच येत नाही. माझी समजूत होती की मी फक्त चहात घेते. मग महिनाभर लेबलं वाचली. च्युइंग गम, प्रोटीन पावडर, पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, ‘लाइट’ जॅम, फळांच्या चवीचं दही, अँटासिडचं द्रावण, काही ब्रेड आणि सॉस, टूथपेस्टसुद्धा. कुठे नाव लिहिलेलं असतं, कुठे फक्त क्रमांक. हे क्रमांक पाठ करून ठेवण्यासारखे आहेत: ९५० म्हणजे असेसल्फेम-के, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रलोज, ९६० स्टीव्हिया, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल. बाटलीवर कुठलं द्रव्य आहे ते छापतात, ते किती घातलंय हे बहुधा छापत नाहीत. त्यामुळे काळजीपूर्वक वागणाऱ्यालाही आपली बेरीज करता येत नाही. या बाबतीत मला कंपन्यांचा राग येतो. मात्रा छापायला जागा लागते ती एका ओळीची.

हृदय आणि आतडी यांबद्दलचं संशोधन मला कर्करोगापेक्षा जास्त विचार करायला लावतं. फ्रान्समध्ये एक लाखाहून जास्त प्रौढांचा आहार वर्षानुवर्षं नोंदवून केलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात कृत्रिम गोडी जास्त घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या गटाने दाखवलं की रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका जास्त होता. निरोगी माणसांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल पाजल्यावर त्यांच्या रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त काळ चढलेली राहिली. प्रयोगशाळेत त्याने रक्तातल्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट, गुठळी करायला अधिक तयार होत असल्याचंही दिसलं. यात एक पेच आहे. एरिथ्रिटॉल आपलं शरीरही थोडं बनवतं, आणि चयापचय बिघडलेल्या माणसात ते जास्त बनू शकतं. त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अजून सुटलेलं नाही. माझ्या घरात हृदयविकार आहे, म्हणून मी एरिथ्रिटॉलच्या केक-बिस्किटांना रामराम केला. ज्याला असा इतिहास नाही तो वेगळा निर्णय घेऊ शकतो.

इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेचा २०२२ मधला प्रयोगही महत्त्वाचा. १२० निरोगी माणसांना दोन आठवडे सॅकरिन, सुक्रलोज, अ‍ॅस्पार्टेम किंवा स्टीव्हिया दिलं, आणि तेही ठरलेल्या मर्यादेच्या आत. चारही द्रव्यांनी आतड्यातल्या जिवाणूंचं गणित बदललं. सॅकरिन आणि सुक्रलोज घेणाऱ्यांत ग्लुकोज पचवण्याची क्षमता काहीशी घटली, आणि ती प्रत्येकात सारखी घटली नाही. दोन आठवड्यांवरून आयुष्याचा निष्कर्ष काढता येत नाही, पण ‘शरीरातून जसंच्या तसं निघून जातं, काहीच करत नाही’ हा दावा मी आता मान्य करत नाही.

वजनाचं विचाराल तर माझं पहिल्या काही महिन्यांत थोडं उतरलं आणि मग थांबलं. संशोधनातही असंच दिसतं. थोड्या काळाच्या प्रयोगांत साखरेच्या जागी ही गोडी वापरली तर वजन थोडं कमी होतं. नेदरलँड्समध्ये सहाशेहून जास्त मुलांवर दीड वर्ष केलेल्या प्रयोगात साखरेच्या पेयाऐवजी साखर नसलेलं पेय घेणाऱ्या मुलांचं वजन कमी वाढलं. पण वर्षानुवर्षं लोकांचा मागोवा घेतला की उलटं चित्र येतं, जास्त घेणाऱ्यांत लठ्ठपणा आणि मधुमेह जास्त. याचं एक कारण असं की ज्यांचं वजन आधीच वाढतंय तेच या गोळ्यांकडे वळतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवायला ही द्रव्यं वापरू नयेत. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांच्यासाठी तो सल्ला नव्हता, ही ओळ बातम्यांत बहुतेकांनी गाळली.

माझ्यापुरतं वजन थांबण्याचं कारण मला जिभेत दिसतं. कॅलरी गेल्या, पण गोडाची पातळी तिथेच राहिली. सुक्रलोजच्या थेंबांवर असताना साधं सफरचंद फिकं लागायचं. गोळ्या दोनवरून एक, मग अर्धी अशा कमी करत गेले तेव्हा कुठे फळांची गोडी परत जाणवायला लागली. हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा ठरला, आणि तो गोळी घेतल्याने नाही, सोडल्याने मिळाला. गोळीला एक श्रेय देते: साखर अर्धा चमचा कमी करताना हात थरथरतो, गोळी अर्धी मोडणं सोपं जातं.

सध्या मी सकाळच्या एका कपात अर्धी अ‍ॅस्पार्टेमची गोळी घेते. बाकीचा चहा बिनसाखरेचा. साखर नसलेली थंड पेयं बंद, कारण साखर असो वा नसो, त्यांतल्या आम्लाने दातांचं आवरण झिजतं. भट्टीत भाजायच्या पदार्थांत सुक्रलोज घालत नाही. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं होतं की १२० अंशांच्या वर तापवल्यास त्यातून क्लोरीन असलेली घातक संयुगं बनू शकतात.

काही जणांसाठी मात्र निवडीचा प्रश्नच नाही. फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम अजिबात घेऊ नये, कारण त्यातून सुटणारं फिनाइलअ‍ॅलॅनिन त्यांचं शरीर हाताळू शकत नाही. गरोदर बायकांनी सॅकरिन टाळलेलं बरं, ते गर्भापर्यंत पोचतं. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचा गम किंवा पावडर त्याच्या तोंडी लागेल अशी ठेवू नका, थोडं झायलिटॉलही त्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी घरातली साखर पूर्ण हद्दपार करू नये. रक्तातली साखर अचानक घसरून घाम फुटला, हात कापायला लागले, तर शुगर-फ्री गोळी किंवा डायट पेय काहीही कामाचं नाही. तेव्हा खरी साखर किंवा ग्लुकोजच लागतं, आणि ते हाताशी असावं लागतं.