ग्रीसवीझल बोर्ड: सात महिने वापरल्यावर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. ग्रीसवीझल म्हणजे जुना फ्लॉपी ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडून फ्लॉप्या वाचणारा छोटा बोर्ड. सव्वापाच इंची फ्लॉप्या असतील तर तो घ्या. साडेतीन इंची दहाबाराच असतील आणि स्वच्छ असतील, तर यूएसबीचा साधा फ्लॉपी ड्राइव्ह पुरतो. मी आधी तोच मागवला होता. सव्वापाच इंची त्यात जाणारच नाही, हे खोकं उघडल्यावर डोक्यात आलं. असो.

आमचं प्रकरण चिपळूणचं. बाबांनी १९९२ साली कर्ज काढून २८६ संगणक घेतला, त्यात मराठी टाइप करता यावं म्हणून सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं आणि पुढच्या खोलीत पतसंस्थांच्या नोटिसा, लग्नपत्रिकांचे मजकूर, मंडळाचे अहवाल टाइप करून द्यायला लागले. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालचं सगळं गेलं. संगणक आणि फ्लॉप्यांचे दोन डबे माळ्यावर होते म्हणून वाचले. बाबा त्याआधीच गेले होते.

संगणक सुरू होण्यातला नव्हताच. बोर्डावरची बॅटरी फुटून आजूबाजूचं तांबं हिरवं पडलेलं, हार्ड डिस्क फिरायलाही तयार नाही. (हार्ड डिस्कसाठी ग्रीसवीझलचा काही उपयोग नाही, हे आधीच लक्षात ठेवा.) उरल्या ४१ फ्लॉप्या.

बोर्ड तळहातावर मावतो. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ३४ पिनांची चपटी केबल, तिच्या टोकाला आपला जुना ड्राइव्ह. कीर फ्रेझर यांनी केलेला आहे, सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं. फ्लॉपीवरची माहिती गोल रेघांत, म्हणजे ट्रॅकमध्ये, आणि त्यांच्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे सेक्टरमध्ये असते. साधा ड्राइव्ह संगणकाला तयार सेक्टर देतो किंवा हात वर करतो. हा तसं करत नाही. ड्राइव्हच्या वाचणाऱ्या डोक्याखालून ट्रॅक जाताना चुंबकत्व कुठल्या क्षणी पालटलं, तेवढंच टिपून ठेवतो. त्यातून सेक्टर काढणं नंतरचं काम. त्यामुळे फ्लॉपी एकदा नीट फिरली की पुढची डोकेफोड तिला हात न लावता करता येते.

पहिल्या आठवड्यात दोनदा फसले. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात, ते बोर्डातून येत नाहीत. जुन्या हार्ड डिस्कसोबत मिळणारा चार पिनांचा अडॅप्टर जोडावा लागला. आणि ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचताना डबल स्टेप, म्हणजे एका वेळी दोन पावलं सरकायला, सांगावं लागतं, कारण तिच्यावर ४० ट्रॅक असतात आणि ड्राइव्ह ८० च्या हिशेबाने सरकतो. हे न सांगता वाचलं आणि अर्ध्या फ्लॉप्या बाद धरून रडत बसले होते.

खरा शत्रू बुरशी. कोकणातला पाऊस तीस वर्षं खाल्लेल्या फ्लॉप्या आहेत त्या. पाकिटाला असलेल्या खिडकीतली तबकडी उजेडात धरली की पांढुरके ठिपके दिसतात. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर डोकं घाण होतं आणि ते पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा काढतं. माझी एक अशीच गेली. त्यानंतर पाकिटाची कड कापायची, तबकडी बाहेर काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायची, वाळवायची आणि दुसऱ्या रिकाम्या पाकिटात घालून वाचायची, असा रविवारचा कार्यक्रमच झाला. आणखी एक: तीन फ्लॉप्या विकत घेतलेल्या ड्राइव्हवर अजिबात वाचल्या गेल्या नाहीत. बाबांच्या संगणकातला ड्राइव्ह काढून, साफ करून लावला तर तिन्ही निमूट वाचल्या. त्याचं डोकं जरा सरकलेलं असणार, आणि लिहिलंही त्यानेच होतं. जुना संगणक भंगारात देणाऱ्यांनो, ड्राइव्ह तेवढा काढून घ्या.

हिशेब सांगायचा तर ३४ पूर्ण आल्या, ५ अर्धवट, २ गेल्या. ओरखडा पडलेली त्या दोघींतलीच.

पण फाइल मिळाली म्हणजे मराठी मिळालं असं नाही. उघडल्यावर नुसता कचरा. एका फाइलमधले आकडे बघत बसले: २०२, २१८, २०२, २१८. जिस्ट कार्ड इस्की वापरायचं, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारा तक्ता. तक्त्यात २०२ म्हणजे ब, २१८ म्हणजे काना. बाबा. उठून चहा टाकला.

इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात, वेलांटी व्यंजनानंतर, आणि युनिकोडची देवनागरीही त्याच घडणीची, त्यामुळे रूपांतर सरळ होतं. विंडोजमध्ये त्याचं कोड पेज, म्हणजे अक्षरांचा तयार तक्ता, आहे, क्रमांक ५७००२. नंतरच्या काळातल्या, फाँटवर बेतलेल्या फायलींचं इतकं सुखाचं नाही. तिथे प्रत्येक फाँटचा वेगळा तक्ता लागतो. गंमत वर्डस्टार या जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या इंग्रजी पत्रांची झाली. वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवायचा, म्हणजे त्याच्या आकड्यात १२८ मिळवायचा. तीही पत्रं चुकून इस्कीतून काढली, तर ‘युवर लेटर’मधल्या दोन्ही शब्दांच्या शेवटी आरच्या जागी मराठी १ येऊन बसला.

फायलींच्या तारखांवर विसंबू नका. घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी गेल्यावर डॉस, म्हणजे संगणक चालवणारी तेव्हाची प्रणाली, प्रत्येक वेळी १ जानेवारी १९८० पासून सुरू व्हायचा, आणि बाबा तारीख न घालता एंटर दाबायचे. आमच्याकडची निम्मी पत्रं त्या एकाच दिवशी लिहिलेली आहेत.

बोर्ड, अडॅप्टर, ड्राइव्ह, कुरिअर मिळून साडेसात हजारांच्या आसपास गेले. तक्रार एकच: सगळं काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालतं, आणि नवख्याला चूक कुठे झाली ते कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो काकांना लिहिलेल्या एका पत्राने. मधला एक सेक्टर काही केल्या येईना. पाच वेळा पुसून झालं, दोन्ही ड्राइव्ह झाले. ५१२ बाइट, म्हणजे सत्तर-ऐंशी शब्द. पत्र ‘विहिरीचं पाणी यंदा’पाशी तुटतं आणि ‘म्हणून तुला कळवतो’पासून पुढे सुरू होतं. छापून आईला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

“हे मी टाइप केलंय. ‘कळवीतो’ म्हणायचे ते, मी ‘कळवतो’ करायचे.”

“मग मधलं काय होतं?”

“विहिरीचंच असणार. काकांकडे पंपाचे निम्मे पैसे मागितले होते. दिले नाहीत.”