टाइल बसवताना सिमेंटचा माल की अ‍ॅडहेसिव्ह?

न्हाणीघराच्या भिंतींसाठी व्हिट्रिफाइड टाइल निवडल्यावर ती नेहमीच्या सिमेंट-वाळूच्या मालात बसवावी की अ‍ॅडहेसिव्हने, म्हणजे टाइल चिकटवण्याच्या तयार मिश्रणाने, असा प्रश्न एका घरमालकांनी विचारला आहे.

पकडीचा मुद्दा येथे निर्णायक आहे. साधी सिरॅमिक टाइल पाणी शोषते, त्यामुळे सिमेंट तिच्या पाठीला धरते. व्हिट्रिफाइड टाइल मात्र जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषत असल्याने भिंतीवर सिमेंट तिला नीट धरत नाही, आणि केवळ चार कोपऱ्यांना माल लावून दाबलेली टाइल पुढे पोकळ वाजते किंवा सुटते. अ‍ॅडहेसिव्हही दातेरी थापीने पूर्ण पाठभर पसरलेच पाहिजे.

सिमेंट स्वस्त पडते. शिवाय अ‍ॅडहेसिव्हचा थर साधारण ३ ते ६ मिलिमीटरचाच असल्याने प्लास्टर आधी ओळंब्यात असावे लागते. वाकडी भिंत त्याने सरळ होत नाही.

उंचसखल जमिनीवर, जिथे उतारही काढायचा असतो, तिथे मालाचा जाड थरच योग्य. भिंतीवरच्या व्हिट्रिफाइडसाठी, तसेच घट्ट असलेल्या जुन्या टाइलवर नवी बसवताना, पिशवीवर आयएस १५४७७ या टाइल-अ‍ॅडहेसिव्हच्या भारतीय मानकातील योग्य प्रकार पाहून अ‍ॅडहेसिव्हच घ्यावे. लहान सिरॅमिक टाइलना सिमेंट पुरेसे आहे, फक्त त्या आधी पाण्यात भिजवाव्यात.