सहा मेचे पान : राजघराण्यांच्या दिनविशेषांचे एक टेबल कॅलेंडर

जगभरातील राजघराण्यांचे आणि सत्ताधारी घराण्यांचे जन्म, विवाह, राज्यारोहण व मृत्यू यांची तारखेनुसार नोंद देणारे एक इंग्रजी टेबल कॅलेंडर सध्या साडेआठशे रुपयांना मिळते. वाराचा उल्लेख नसल्यामुळे ते कोणत्याही वर्षी वापरता येते आणि 29 फेब्रुवारी धरून त्याची 366 पाने होतात. असे संकलन जोखायचे तर एखादी भरगच्च तारीख निवडून तिचे पान बारकाईने वाचावे, म्हणून मी 6 मे निवडली.

पानाची मांडणी देखणी आहे. वर तांबड्या शाईत ठळक आकडा, त्याखाली वर्षांच्या क्रमाने नोंदी आणि प्रत्येक नोंदीपुढे राज्यारोहणासाठी मुकुट, विवाहासाठी जोडअंगठ्या, मृत्यूसाठी काळा चौकोन अशी चिन्हे आहेत. कागद जाड असून शाई पाठीमागे उमटत नाही. अक्षर मात्र इतके बारीक आहे की चाळिशी ओलांडलेल्या वाचकाला पान उचलून डोळ्यांजवळ धरावे लागते. मग ते टेबलावर उभे करण्यात काय अर्थ उरतो?

ब्रिटिश घराण्यापुरते पाहिले तर हे पान चोख आहे. 1910 साली याच तारखेला बकिंगहॅम राजवाड्यात सातवे एडवर्ड निवर्तले आणि पाचवे जॉर्ज गादीवर आले, त्यामुळे त्या नोंदीपुढे काळा चौकोन आणि मुकुट शेजारी शेजारी छापले आहेत. 1935 साली याच दिवशी जॉर्ज यांच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. 1960 साली वेस्टमिन्स्टर ॲबीत राजकन्या मार्गारेट यांचा विवाह झाला व तो दूरचित्रवाणीवरून दाखवण्यात आला, तर 2023 साली त्याच ॲबीत तिसऱ्या चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. 1882 साली जन्मलेले जर्मनीचे युवराज विल्हेल्मही यादीत आहेत.

कोल्हापूरचे छत्रपती राजर्षी शाहू महाराज मात्र या पानावर नाहीत. 6 मे 1922 रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या 47व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संकलकांना परक्या प्रदेशातील एक छोटे संस्थान आठवले नाही, असे म्हणून ही उणीव सोडून देता आली असती. पण शाहू महाराज आणि एडवर्ड यांचा संबंध केवळ पुण्यतिथीच्या तारखेपुरता नाही. एडवर्ड यांच्या राज्याभिषेकासाठी महाराज 1902 साली विलायतेला गेले होते. समारंभ 26 जूनला, म्हणजे योगायोगाने महाराजांच्या वाढदिवशीच, ठरला होता. परंतु दोनच दिवस आधी राजावर पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो 9 ऑगस्टपर्यंत लांबणीवर पडला. महाराज विलायतेत असतानाच, 26 जुलै 1902 रोजी, करवीर संस्थानच्या गॅझेटात तो प्रसिद्ध हुकूम निघाला, ज्याने रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. हुकमात हे वर्ग कोणते हेही सांगितले होते : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व. (मुंबईकर ज्याला काळा घोडा म्हणत आले त्यावर स्वार झालेले राजे म्हणजे युवराजपदी असतानाचे हेच एडवर्ड, तो पुतळा आता राणीच्या बागेत आहे.) कॅलेंडरात हुकमासाठी चिन्हच नसल्यामुळे 26 जुलैच्या पानावरही याचा मागमूस नाही. बारशापासून तेराव्यापर्यंतचे सगळे नोंदवायचे आणि राज्यकर्त्याने राज्य कसे केले तेवढे वगळायचे, ही या संकलनाची मूळ खोड आहे.

सत्ताधारी घराणे कोणाला म्हणायचे याचाही घोळ दिसतो. 14 जानेवारीच्या पानावर डेन्मार्कच्या राणी मार्गरेठे यांचे 1972 चे राज्यारोहण आणि 2024 चा पदत्याग, दोन्ही ठळकपणे आहेत. त्याच तारखेला 1761 साली पानिपतावर नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव पडले, त्याची नोंद नाही, कारण पेशव्यांच्या डोक्यावर मुकुट नव्हता. मुखपृष्ठावर ‘सत्ताधारी घराणी’ असे शब्द छापल्यावर ही सबब चालत नाही.

तारखांच्या पद्धतीविषयी प्रस्तावनेत एक ओळही नाही, हे अधिक गंभीर आहे. शिवराज्याभिषेक 6 जूनच्या पानावर दिला आहे. तो जुन्या, म्हणजे ज्युलियन, गणनेने बरोबर आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस 16 जून 1674 येतो, आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी ही तिथी तर दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. युरोपातील जुन्या नोंदी कोणत्या गणनेने घेतल्या आहेत हेही कुठे सांगितलेले नाही, त्यामुळे अठराव्या शतकाआधीची कोणतीही तारीख या कॅलेंडरावरून उचलून लेखात वापरू नये.

ब्रिटिश राजघराण्याच्या हौशी अभ्यासकाला हे कॅलेंडर आवडेल आणि भेट म्हणूनही ते शोभेल. मराठी वाचकाने पूर्ण किंमत मोजण्याआधी दुकानातच 26 जूनचे पान उघडून पाहावे. तिथे लांबलेल्या राज्याभिषेकाची तीन ओळींची नोंद आहे आणि खाली अर्धे पान कोरे आहे.