जॉन हार्टफर्डचा ‘मार्क ट्वँग’ : काही महिने ऐकल्यावर

पावसाळ्यापासून हा अल्बम ऐकतोय. १९७६ सालचा आहे, १९७७ मध्ये त्याला पारंपरिक संगीताच्या गटात ग्रॅमीही मिळालं. हार्टफर्ड हा अमेरिकन गायक-वादक, सेंट लुईसमध्ये वाढला आणि लेखक मार्क ट्वेनसारखंच त्यालाही मिसिसिपीवरच्या वाफेच्या बोटींचं वेड. पुढे बोट चालवायचं लायसन्सही काढलं पठ्ठ्याने. ‘जेंटल ऑन माय माइंड’ हे गाजलेलं गाणं त्याचंच. त्याच्या रॉयल्टीवर मनाला येईल ते करायची मोकळीक मिळाली, आणि ती इथे पुरेपूर वापरलीय.

अख्ख्या अल्बममध्ये माणूस एकटाच. बँजो, फिडल, गिटार, गळा सगळं त्याचं. ताल म्हणजे प्लायवूडच्या फळीवर पडणारे त्याचेच पाय. मोबाईलच्या स्पीकरवर ही फळी नुसती खटखट वाटायची, डोकं उठायचं. बऱ्यापैकी हेडफोन लावले तेव्हा टाच आणि चवडा वेगळे ऐकू यायला लागले, मध्येच तळवा घासल्याचंही कळतं. आता बेस नसल्याची आठवणही होत नाही.

सगळ्यात टिकलेलं गाणं ‘लाँग हॉट समर डेज’. इलिनॉय नदीवर उन्हातान्हात बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर) राबणाऱ्याचं. गाताना फिडल चालूच असतं, गज दोन-दोन तारांवरून फिरतो, त्यामुळे मागे कोणी साथीला बसलंय असं वाटत राहतं. हे अजून रिपीटवर लागतं.

‘डोन्ट लीव्ह युवर रेकॉर्ड्स इन द सन’मध्ये उन्हात खराब झालेल्या रेकॉर्डची नक्कल तो तोंडानेच करतो. घरच्यांना वाटलं नेट अडकलं. ‘टेटर टेट अँड अ‍ॅलन मंडी’ ही ब्लूग्रासवाल्यांच्या (बँजो-फिडलवाल्या अमेरिकन लोकसंगीतातल्या कलाकारांच्या) नावांची जंत्री. आधी काहीच कळलं नाही, मग एकेक नाव शोधून ऐकत गेलो आणि गाण्यात मजा यायला लागली. ‘वॉ वॉ’ मात्र अजूनही पुढे ढकलतो. विक्षिप्तपणालाही मर्यादा असते.

भरगच्च बँड आणि सुसाट मेंडोलिन हवं असेल तर बिल मन्रोकडे जा. हार्टफर्डच ऐकायचा, पण साथीदारांसह, तर १९७१ चा ‘एअरिओ-प्लेन’ आहे : व्हॅसर क्लेमेंट्सचं फिडल, नॉर्मन ब्लेकची गिटार, टट टेलरचा डोब्रो (आडवी धरून वाजवायची गिटार). वादनात तो अल्बम सरस, मान्य. पण रोज लावावासा वाटतो तो ‘मार्क ट्वँग’च.