बिल कॅम फॉलोअरचं, पिशवीत टॅपेट डिझेलचा

जुन्या जर्मन पेट्रोल गाड्या आता मराठवाड्यात लई झाल्यात. २०१० साली औरंगाबादकरांनी एकदम १५० मर्सिडीज उचलल्या, तेव्हा देशभर बातमी झाली होती. त्या काळातल्या महागड्या गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या दारात उभ्या दिसतात. जालन्यात, बीडला, परभणीला. किंमत नव्या स्विफ्टपेक्षा कमी आणि दिमाख साहेबी. माझ्याकडंही अशीच एक २.० टीएफएसआय, म्हणजे टर्बोवाल्या पेट्रोल इंजिनची ऑडी आहे. तिच्यातल्या एका छोट्या पार्टच्या नावावर छत्रपती संभाजीनगरच्या एका गॅरेजनं मला लुटलं. तक्रार चालू आहे, म्हणून गॅरेजचं नाव इथं घेत नाही. पण ते कसं केलं, ते हे इंजिन असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे.

आधी पार्ट समजून घ्या, नाहीतर फसवणूक कुठं झाली ते कळायचं नाही. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. साध्या पेट्रोल गाडीत तीन-चार बार दाब पुरतो, इथं शंभर बारच्या आसपास लागतो. तेवढा दाब द्यायला इंजिनच्या डोक्यावर वेगळा हाय प्रेशर पंप असतो आणि तो इनटेक कॅमशाफ्टवरच्या, म्हणजे हवेचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरच्या, तीन उंचवट्यांनी (कॅमनी) ढकलला जातो. कॅम आणि पंपाचा दांडा यांच्यामध्ये चुन्याच्या डबीएवढी पोलादी टोपी असते, तोच कॅम फॉलोअर. त्याच्या तोंडावर काळं, फार कडक कोटिंग असतं. माझ्या गाडीतल्या ईए११३ या जुन्या इंजिनात कॅम त्यावर सरळ घासत फिरतो. मध्ये असतो तो फक्त ऑइलचा पातळ थर. नंतरच्या ईए८८८ इंजिनात कंपनीनं तिथं रोलर बसवला, त्यामुळं त्या मालकांना हा घोर नाही. आपलं इंजिन कोणतं, हे आधी इंजिन कोडवरून खात्रीनं बघा. गाडीवर टीएफएसआय लिहिलंय म्हणून घाबरून खिसा रिकामा करू नका.

कोटिंग गेलं की खालचं लोखंड झिजतं, मध्ये खळगा पडतो, मग भोक. त्यानंतर पंपाचा दांडा आणि कॅम एकमेकाला खातात आणि त्यांचा चुरा ऑइलमध्ये उतरतो. म्हणून जाणकार मालक दर पंधरा-वीस हजार किलोमीटरला फॉलोअर काढून बघतात आणि गरज दिसली की बदलतात. पार्ट काही हजारांचा. तो वेळेवर बदलला नाही तर खर्च लाखाच्या घरात.

हे मला माहीत होतं. गॅरेजमध्ये जाऊन मीच सांगितलं, फॉलोअर बघा, कोटिंग गेलं असेल तर बदला आणि जुना मला द्या. संध्याकाळी बिल हातात आलं ३८,५०० रुपयांचं. त्यात नवा फॉलोअर, पंप सर्व्हिसिंग, फुल सिंथेटिक ऑइल आणि ‘अँटी वेअर ट्रीटमेंट’ नावाची एक बाटली. ही बाटली टाकली की पन्नास हजार किलोमीटर पंप उघडायची गरज नाही, असं मालक ठासून सांगत होता. जुना पार्ट मागितला तर पोऱ्यानं पॉलिथिनच्या पिशवीत एक झिजलेली, काळी पडलेली टोपी आणून दिली. "बघा की साहेब, पार गेला होता तुमचा. अजून थोडं चालवली असती तर इंजिनच बसलं असतं."

पुढं काही महिन्यांनी एका लग्नाहून, चाळीसगावकडनं परत येत होतो. कन्नडच्या घाटात गाडी पिकअप घेईना. चेक इंजिन लाइट लागली, गाडी मेल्यासारखी चढू लागली. कशीबशी परत आणली आणि या वेळी दुसरीकडं नेली, एका जुन्या उस्तादाकडं. स्कॅनरवर कोड आला पी००८७, म्हणजे रेलमध्ये, इंजेक्टरला पेट्रोल पोचवणाऱ्या नळीत, दाब कमी. उस्तादनं पंपाला हात लावायच्या आधीच मोबाइल काढून फोटो घेतले आणि मला जवळ बोलावलं. पंपाच्या तीन स्क्रूंच्या डोक्यांवर, बुडाशी, सगळीकडं तेल आणि धुळीचा वाळलेला थर होता, कुठंच न खरवडलेला. "साहब, इसकू तो किसीने हाथ भी नहीं लगाया," तो म्हणाला.

पंप उचलला. खालचा रबरी ओ-रिंग चपटा होऊन कडक झालेला. फॉलोअर बाहेर आला तो मध्ये खोल गेलेला आणि एका बाजूनं आरपार फाटलेला. कॅमच्या उंचवट्यांच्या धारा गेलेल्या, पंपाचा दांडा झिजलेला. कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही बदलावे लागले. तो आकडा इथं लिहीत नाही, घरच्यांनाही अजून पूर्ण सांगितलेला नाही.

मग मी घरून ती पॉलिथिनची पिशवी आणली. उस्तादनं टोपी उलटी केली आणि हसायलाच लागला. पंपाचा फॉलोअर आतून नुसता पोकळ असतो. पिशवीतल्या टोपीच्या पोटात तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिकची जुळणी होती. तो जुन्या १.९ टीडीआय डिझेल ऑक्टाव्हियाचा व्हॉल्व्ह टॅपेट, म्हणजे कॅमखाली बसून व्हॉल्व्ह दाबणारी टोपी होती. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना असल्यानं त्या गाड्या आपल्या भागात पैशाला पासरी, त्यामुळं गॅरेजच्या भंगारात असले टॅपेट पडलेलेच असतात. माझ्या इंजिनात व्हॉल्व्हला रोलर असतात, असला टॅपेट त्यात कुठंच बसत नाही.

गॅरेजवाल्याचं म्हणणं काय, तर नवा टाकला होता, तोच झिजला. ऐकायला पटतं, कारण कमी दर्जाच्या ऑइलवर नवा फॉलोअरही लवकर जातो. पण न उघडलेले स्क्रू, चपटा झालेला ओ-रिंग आणि डिझेलचा टॅपेट, या तिन्हींवर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. ऑइलचाही प्रश्न आहेच. बिलावर फोक्सवॅगनच्या, म्हणजे ऑडीच्या मूळ कंपनीच्या, ५०२ ०० दर्जाचं लिहिलंय, आणि उस्तादकडं गाळलेल्या तेलाला पेट्रोलचा वास येत होता, पातळ झालेलं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंच. त्यात गाडी फक्त घर ते दुकान अशी थंडीच फिरत असेल तर जास्तच. म्हणून पंधरा हजारांवर ऑइल बदला, हे पुस्तकातलं गणित मला पटत नाही. सात-आठ हजारांवर बदलायचं, डबा आपल्यासमोर फोडायला लावायचा, ड्रममधलं घ्यायचं नाही.

आणि पंप उघडताना शेजारी उभं राहायचं. इंजिन गार पाहिजे आणि पेट्रोलचा दाब आधी सोडलेला पाहिजे. गरम इंजिनावर घाईनं पंप सोडणारा माणूस तुमची गाडी पेटवू शकतो. हे काम मुळात तासन्‌तास चालणारं नाही. "वेळ लागतो, तुम्ही जाऊन या" म्हणायलेत, तर तिथंच थांबा. नवा फॉलोअर आला की तोंडावरचं काळं कोटिंग बघा, आतून पोकळ आहे का बघा, बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून फोटो काढा. ट्रीटमेंटची कसलीही बाटली असो, घासून गेलेलं कोटिंग तिनं परत येत नाही. आणि "आता उघडू नका" असं तिच्यासोबत सांगितलं जातं, तेच जास्त घातक.

गॅरेजनं अर्धे पैसे देऊ केले होते, पण लिहून द्यायला तयार नाहीत, म्हणून मी घेतले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे गॅरेज संभाजीनगरात असलं तरी मला जालन्यातच तक्रार देता आली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. माझ्याकडं जीएसटीचं पक्कं बिल होतं, म्हणून हे सोपं गेलं. कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेणाऱ्यांना आयोगात नुसतं काय झालं हेच सिद्ध करताना घाम फुटतो.

हे मित्रांच्या गटात सांगितल्यावर अंबडच्या एकानं त्याच्या बाटलीचा फोटो पाठवला. तीच बाटली, लेबलवर ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना बॅच नंबर. त्याला वेगळ्या गॅरेजनं दिली होती. तुमच्याकडं असेल तर फेकू नका, बिलासोबत ठेवा.